सोसायटीतील मनोरंजन प्रश्नमंजूषा: उत्तर निवडण्यापासून टायब्रेकरपर्यंतची क्रमवार पद्धत

ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांमध्ये गणेशोत्सव, कोजागिरी किंवा वर्धापनदिन आला की चित्रपट, संगीत, दूरचित्रवाणी, खाद्यपदार्थ आणि क्रीडा या विषयांवरची प्रश्नमंजूषा हमखास ठेवली जाते. ती बिघडतेही बहुधा एकाच पद्धतीने. एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरे निघतात, क्विझमास्टरच्या कागदावर त्यांतले एकच असते, दोन संघ हमरीतुमरीवर येतात आणि पुढचा अर्धा तास भ्रमणध्वनीवर पुरावे शोधण्यात जातो. वाद मंचावर होत असला तरी त्याचे मूळ तयारीच्या क्रमात असते. आधी मिळतील तिथून प्रश्न गोळा करायचे, मग त्यांच्या फेऱ्या पाडायच्या आणि नियम ऐनवेळी माइकवरून सांगायचे, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. तो उलटा करावा लागतो.

येथे सहा संघ, प्रत्येक संघात चार जण आणि सुमारे दीड तासाचा कार्यक्रम गृहीत धरला आहे. तयारीला तीन आठवडे द्यावेत. त्यांतला निम्म्याहून अधिक वेळ प्रश्न लिहिणे आणि तपासणे यातच जाईल, आणि तो तसा जायलाच हवा.

टप्पा १: दिवस, वेळ आणि प्रश्नांची संख्या

आपल्याकडे कामाच्या दिवशी लोक लोकलने घरी पोहोचेपर्यंत आठ वाजून जातात, आणि सवलतीचे दिवस वगळता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. म्हणून शनिवार किंवा रविवार निवडावा आणि सात वाजता सुरुवात होईल असे नियोजन करावे. क्लब हाउसमध्ये जागा अपुरी पडेल म्हणून कार्यक्रम पोडियमवर घ्यायचा असेल, तर पडद्यावर उजेड पडत नाही ना, हे त्याच वेळी जाऊन पाहावे. सकाळी केलेली पाहणी उपयोगाची नसते.

सहा संघांत फिरणाऱ्या एका प्रश्नाला वाचन, विचार आणि उत्तर धरून सरासरी दोन मिनिटे लागतात. त्यामुळे पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत सहा प्रश्न, म्हणजे एकूण तीस मुख्य प्रश्न, यांना एक तास पुरतो. त्याखेरीज प्रेक्षकांसाठी आठ, राखीव आठ आणि टायब्रेकरचे तीन प्रश्न हवेत. राखीव प्रश्न तयार न ठेवणे ही फार महागात पडणारी कंजुषी आहे, कारण प्रेक्षकांतून कोणी उत्तर ओरडले की प्रश्न बदलावाच लागतो.

टप्पा २: संघ पाडणे

संघ स्वतःहून जमू दिले तर एका बाजूला महाविद्यालयीन मुले आणि दुसऱ्या बाजूला ज्येष्ठ नागरिक, अशी विभागणी होते. मग दूरदर्शनच्या काळातील प्रश्नावर अर्धे संघ गप्प बसतात आणि गेल्या वर्षीच्या गाण्यावर उरलेले अर्धे. म्हणून नावे आधी मागवावीत, वयाचे चार गट करावेत आणि प्रत्येक गटातून एकेक चिठ्ठी काढून संघ बनवावा. शाळकरी, तरुण, मध्यमवयीन आणि साठीच्या पुढचे असे चौघे एका टेबलाशी बसले की कोणताही प्रश्न त्यांच्यापैकी कोणाच्या तरी ओळखीचा निघतो. एकाच घरातील दोन व्यक्ती एका संघात नसाव्यात.

चोवीसपेक्षा जास्त नावे आली, तर आदल्या रविवारी वीस प्रश्नांची लेखी प्राथमिक फेरी घ्यावी. त्यांतील पाच प्रश्नांवर तारांकन करावे. गुण समान झाल्यास ज्याची तारांकित उत्तरे जास्त बरोबर, तो पुढे जाईल, हे कागदावरच छापावे.

टप्पा ३: नियम प्रश्नांच्या आधी लिहिणे

प्रश्न कसा फिरणार हे ठरल्याशिवाय तो किती अवघड असावा, हे ठरवता येत नाही.

सर्वांत प्रचलित पद्धत थेट प्रश्न आणि पास ही आहे. पहिला प्रश्न ‘अ’ संघाला, दुसरा ‘ब’ला, आणि उत्तर न आल्यास तो पुढच्या संघाकडे पास. या पद्धतीत एक दोष आहे. कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्या संघाला दर वेळी फुकटची संधी मिळते, त्यामुळे बसण्याची जागाच निकाल ठरवू लागते. त्याऐवजी बाउन्स पद्धत घ्यावी. पहिला प्रश्न ‘अ’पासून सुरू होतो. त्याचे उत्तर ‘क’ने दिले, तर पुढचा प्रश्न ‘ब’ला न जाता ‘क’च्या पुढच्या, म्हणजे ‘ड’ संघाला जातो. कोणालाच उत्तर आले नाही, तर पुढचा प्रश्न पुन्हा ‘अ’पासून सुरू होतो. निम्मे प्रश्न झाल्यावर दिशा उलटी करावी, म्हणजे शेजाराचा उरलासुरला फायदाही संपतो. या पद्धतीत थेट आणि पासच्या उत्तराला सारखेच गुण असतात, त्यामुळे गुणलेखनही सोपे होते.

बझरची फेरी ठेवायची असेल तर एकच ठेवावी आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा करावेत. वजावट नसेल तर प्रश्न अर्धा वाचून होण्याआधीच सगळे बझर दाबतात.

नियमांच्या कागदावर चार गोष्टी स्पष्ट हव्यात: विचारासाठी वेळ तीस सेकंद, उत्तर फक्त कर्णधाराचे, पहिले उच्चारलेले उत्तर अंतिम, आणि आडनाव पुरेसे असल्यास ते ग्राह्य. हा कागद संघांना किमान दोन दिवस आधी द्यावा.

> तपासा: प्रश्न लिहायला बसण्यापूर्वी वेळ, संघ, फिरण्याची पद्धत आणि गुण या चारही बाबी कागदावर उतरल्या आहेत का? एकही बाब ‘नंतर पाहू’ अशी राहिली असेल, तर पुढे जाऊ नये.

टप्पा ४: प्रश्नाआधी उत्तर निवडणे

बहुतेक जण प्रश्न शोधतात. शोधायचे असते ते उत्तर. समोर बसलेल्या लोकांनी ज्याचे नाव ऐकले आहे, जे कळल्यावर ‘अरे, हे तर येत होते’ असे त्यांना वाटेल, असे उत्तर आधी निवडावे आणि मग त्याच्याकडे जाणारी वाट अवघड करावी. उत्तरच अनोळखी असेल, तर प्रश्न कितीही सुंदर लिहिला तरी सभागृहात शांतता पसरते.

याच कारणाने तारखा आणि आकडे उत्तर म्हणून घेऊ नयेत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, हे कोणी नेमके लक्षात ठेवत नाही, ‘कधी?’ असे विचारले तर सहाही संघ अंदाज करतात. तीच तारीख प्रश्नात ठेवून ‘या दिवशी मुंबईत काय सुरू झाले?’ असे विचारले, तर ज्येष्ठ सदस्याला सत्तरचे दशक आठवते आणि उत्तर निघते. तारीख प्रश्नात आणि नाव उत्तरात, एवढे पाळले तरी निम्मी प्रश्नपत्रिका सुधारते.

उत्तरांची यादी करताना विषय आणि काळ दोन्ही पसरलेले आहेत का, ते पाहावे. यादी करणारी व्यक्ती एकच असेल, तर तिच्या स्वतःच्या तारुण्यातील दहा वर्षांकडे यादी झुकते. हे टाळण्यासाठी भिन्न वयाच्या दोघांनी स्वतंत्रपणे याद्या कराव्यात. आपल्या परिसरातील चार-पाच उत्तरे जरूर असावीत. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे गीत लिहिणारे पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते, ही बाब जुन्या ठाणेकरांना ठाऊक असते, पण घोडबंदर रोडवर नव्याने राहायला आलेल्यांना ती सुखद धक्का देते. मामलेदार मिसळीचे नाव शेजारच्या तहसीलदार कचेरीवरून पडले, हा प्रश्न मात्र ठाण्यात फार सोपा. तो प्रेक्षकांसाठी ठेवावा.

टप्पा ५: प्रश्न लिहिणे

एक उत्तर घेऊन पाहू: नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. ‘नवी मुंबईतील प्रसिद्ध क्रिकेट स्टेडियम कोणते?’ हा प्रश्न लिहायला दहा सेकंद लागतात आणि त्यात विचार करण्यासारखे काहीच नसते. ‘आयपीएलच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना कोठे झाला?’ हा प्रश्न थोडा बरा, पण तो फक्त क्रिकेटप्रेमींचा. आता हे पाहा:

‘डिसेंबर २०१९ मध्ये यूटू या आयरिश बँडचा कार्यक्रम, जून २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने जिंकलेला विश्वचषकाचा अंतिम सामना, हे सर्व एकाच ठिकाणी झाले. ते ठिकाण कोणते?’

या प्रश्नात तीन वाटा आहेत. संगीत ऐकणाऱ्याला पहिली सापडेल, जुन्या क्रिकेटप्रेमीला दुसरी, आणि हरमनप्रीत कौरच्या हातातील चषक पाहिलेल्या शाळकरी मुलीला तिसरी. संघातील चौघे एकमेकांशी बोलू लागतात, आणि प्रश्नमंजुषेत खरी रंगत येते ती या कुजबुजीमुळे. क्रमही मुद्दाम ठेवलेला आहे. सर्वांत अवघड संकेत आधी आणि सर्वांत सोपा शेवटी. सोपा संकेत आधी दिला तर उरलेले वाक्य कोणी ऐकत नाही.

दुसरे उदाहरण लता मंगेशकर यांचे. ‘आनंदघन हे कोणाचे टोपणनाव?’ असे विचारले, तर ज्याला माहीत आहे तो लगेच सांगतो आणि ज्याला माहीत नाही त्याला विचार करायला जागाच नसते. ‘१९६० च्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना आनंदघन या नावाने संगीत देणाऱ्या या व्यक्तीला २००१ मध्ये भारतरत्न मिळाले, पण ते संगीत दिग्दर्शनासाठी नव्हे’ असे लिहिले, तर टोपणनाव न ऐकलेल्यालाही भारतरत्नाच्या यादीवरून तर्क करता येतो.

लांबीवर मर्यादा ठेवावी. चाळीस-पंचेचाळीस शब्दांपेक्षा मोठा प्रश्न ऐकताना सुरुवातीचा संकेत विसरला जातो. प्रश्न लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचावा. वाचताना ज्या ठिकाणी आपण अडखळतो, तेथे वाक्य तोडावे. विचारणा नेहमी शेवटच्या वाक्यात असावी आणि व्यक्ती विचारली आहे, चित्रपट की ठिकाण, हे तिच्यातून स्पष्ट कळावे.

अवघडपणाचा एक साधा अंदाज असा: फेरीतील सहा प्रश्नांपैकी चारांची उत्तरे कोणत्या ना कोणत्या संघाकडून यावीत. सहाच्या सहा आली तर फेरी सपक होते. तीनच आली तर प्रेक्षक उठून भेळेच्या टेबलाकडे जातात.

टप्पा ६: उत्तर एकच आहे का?

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये. प्रत्येक प्रश्न घेऊन स्वतःशी वाद घालावा: माझ्या उत्तराशिवाय दुसरे कोणते उत्तर बरोबर ठरू शकेल?

*‘पहिला’ हा शब्द.* ‘भारतातील पहिला चित्रपट कोणता?’ या प्रश्नाला दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी छापलेले असते. पण दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १९१२ मध्ये दाखवला गेला होता, आणि त्याचे नाव घेणारा कोणी तरी सभागृहात असतोच. त्याला चूक ठरवणे अन्यायाचे आहे. ‘३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला फाळके यांचा चित्रपट कोणता?’ असे लिहिले की वाद संपतो. ‘ऑलिंपिकमध्ये भारताला वैयक्तिक पदक मिळवून देणारा पहिला खेळाडू’ हाही तसाच प्रश्न. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले, पण १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदकेही भारताच्या नावावर नोंदवलेली आहेत. ‘स्वतंत्र भारताला’ हे दोन शब्द घातले की उत्तर एकच उरते.

*अर्धवट नाव.* ‘भारताने विश्वचषक केव्हा जिंकला?’ या प्रश्नाला १९८३, २००७, २०११, २०२४ आणि २०२५ अशी किमान पाच उत्तरे केवळ क्रिकेटमधून निघतात. हॉकीतील १९७५ चा क्वालालंपूरचा विजय त्यात धरलेला नाही. खेळ, प्रकार आणि पुरुष की महिला, हे तिन्ही प्रश्नात हवेत.

*कोणते वर्ष?* पुरस्कारांच्या प्रश्नांत हा घोळ नेहमी होतो. ए. आर. रहमान यांना दोन ऑस्कर २००९ च्या सोहळ्यात मिळाले, पण चित्रपट २००८ चा होता. ‘श्वास’ २००४ मध्ये प्रदर्शित झाला, तर त्याला मिळालेला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २००३ या वर्षासाठीचा होता. क्रीडाक्षेत्रात नीरज चोप्रा याचे सुवर्णपदक ‘टोकियो २०२०’ असे लिहिले जाते, पण त्याने भाला फेकला ७ ऑगस्ट २०२१ रोजी. ‘सोहळा या वर्षी झाला’ किंवा ‘या वर्षासाठीचा पुरस्कार’ असे नेमके शब्द वापरावेत.

*शिळे झालेले प्रश्न.* ‘एकदिवसीय क्रिकेटमध्ये सर्वाधिक शतके कोणाची?’ याचे उत्तर अनेक वर्षे सचिन तेंडुलकर हे होते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर विराट कोहलीने पन्नासावे शतक केले आणि त्या दिवसापासून जुन्या प्रश्नसंचातील उत्तर चुकीचे झाले. असे संच अजूनही फिरत असतात. ‘सर्वाधिक’, ‘एकमेव’, ‘आजपर्यंत’, ‘सध्याचा’ हे शब्द दिसले की त्या प्रश्नाचे उत्तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे, किंवा प्रश्नच भूतकाळात बांधून घ्यावा. १६ मार्च २०१२ रोजी मीरपूर येथे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक कोणी केले, याचे उत्तर कधीही बदलणार नाही.

*‘नेहमीच तोच’ असा समज.* ‘कौन बनेगा करोडपती’चे सूत्रसंचालन अमिताभ बच्चन करतात हे खरे, पण २००७ मधील तिसऱ्या पर्वात त्या खुर्चीवर शाहरुख खान होता. पर्व न सांगता विचारलेला प्रश्न येथे अडकतो. उलट, ‘अमिताभ बच्चन यांच्याशिवाय आणखी कोण?’ असा विचारल्यास तोच एक चांगला प्रश्न होतो.

*जनकथा.* खाद्यपदार्थांच्या उगमाविषयीचे प्रश्न शक्यतो घेऊ नयेत. वडापावाच्या संदर्भात दादर स्थानकाबाहेर विक्री करणारे अशोक वैद्य यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते, परंतु ‘वडापाव कोणी शोधला?’ असे विचारणे म्हणजे एका प्रचलित कथेला निर्णयाचे वजन देणे होय. घ्यायचाच असेल तर ‘याचे श्रेय साधारणपणे कोणाला दिले जाते?’ असे विचारावे. चित्रपटांच्या कमाईचे आकडेही याच वर्गात मोडतात, कारण ते स्रोतागणिक बदलतात.

> सावध: प्रश्न लिहिणाऱ्यानेच त्याची दुसरी उत्तरे शोधली, तर ती सापडत नाहीत, कारण त्याच्या डोक्यात उत्तर आधीच बसलेले असते. उत्तरे झाकून सर्व प्रश्न दुसऱ्या व्यक्तीला द्यावेत आणि सुचतील ती सर्व उत्तरे लिहायला सांगावीत.

टप्पा ७: पडताळणी आणि ग्राह्य उत्तरे

प्रत्येक तथ्याला दोन स्रोत हवेत, आणि ते एकमेकांवरून उतरवलेले नसावेत. चार संकेतस्थळांवर एकच वाक्य शब्दशः सापडले, तर तो एकच स्रोत धरावा. सामन्यांसाठी अधिकृत धावफलक, चित्रपटांसाठी त्यांची श्रेयनामावली आणि राष्ट्रीय पुरस्कारांसाठी सरकारी याद्या हे सर्वांत खात्रीचे. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर किंवा चॅटबॉटने दिलेले उत्तर हा स्रोत नव्हे. फार तर ती शोधाची सुरुवात.

प्रत्येक प्रश्नाखाली मुख्य उत्तर, ग्राह्य उत्तरे, अग्राह्य उत्तरे आणि स्रोत अशा चार ओळी लिहाव्यात. ग्राह्य उत्तरांची ओळ सर्रास वगळली जाते आणि तिच्यावाचून फार अडते. ‘कोहली’ पुरेसे आहे, पण ‘मंगेशकर’ पुरेसे नाही, कारण लता, आशा, मीना, उषा आणि हृदयनाथ या सर्वांचा संगीताशी संबंध आहे. ‘तेंडुलकर’ क्रिकेटच्या फेरीत चालेल, पण नाटक आणि चित्रपटांच्या फेरीत विजय तेंडुलकरही असतात. उत्तर अपुरे असल्यास क्विझमास्टरने केवळ ‘पूर्ण नाव सांगा’ एवढेच म्हणावे आणि तेही प्रत्येक संघाला एकाच स्वरात. भुवया उंचावल्या तरी तो संकेत ठरतो.

टप्पा ८: गाणी आणि चित्रांची फेरी

गाण्याचा तुकडा आठ ते दहा सेकंदांचा असावा आणि तो शब्द सुरू होण्यापूर्वीच्या वाद्यसंगीतातला असावा. सर्व फाइल संगणकावर उतरवून ठेवाव्यात. ऐनवेळी इंटरनेटवरून वाजवायला गेल्यास आधी जाहिरात लागते आणि शीर्षक पडद्यावर दिसते. फाइलला गाण्याचे नाव न देता केवळ क्रमांक द्यावा, कारण प्रोजेक्टरवर फाइलचे नाव आधी झळकते. ब्लूटूथ स्पीकर टाळून तारेने जोडणी करावी; ब्लूटूथवर पहिला क्षण अनेकदा गिळला जातो, आणि आठ सेकंदांच्या तुकड्यात तो क्षण महत्त्वाचा असतो.

चित्रांच्या बाबतीत एक तांत्रिक धोका आवर्जून सांगायला हवा. घरच्या संगणकावर सुरेख दिसणारी देवनागरी अक्षरे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसल्याने फुटतात. स्लाइडची पीडीएफ प्रत करून न्यावी. ध्वनी आणि चित्रफिती त्यात राहत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्यात. पडद्यावर संपूर्ण खिडकी दिसत असेल तर डावीकडच्या पट्टीत पुढच्या चित्रांची लघुरूपे दिसतात आणि फेरी संपते. पूर्ण पडदा करूनच प्रोजेक्टर सुरू करावा, आणि संगणकावरील संदेशांच्या सूचना बंद ठेवाव्यात.

टप्पा ९: खाद्यफेरी

ही फेरी केवळ प्रश्नांची न ठेवता वासाची ठेवल्यास सर्वाधिक रंगते. झाकलेल्या वाट्यांत गोडा मसाला, मालवणी मसाला, कांदा-लसूण मसाला, तिरफळ, नागकेशर असे घटक ठेवून वासावरून ओळखायला सांगावे. वाट्यांना तळाशी क्रमांक द्यावेत. दोन वाट्यांच्या मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावे. लागोपाठ तीन मसाले हुंगले की चौथ्याचा वास कळत नाही.

तोंडी प्रश्नांसाठी स्वयंपाकघर ही खाण आहे. ‘गोड्या मसाल्यातील कोणता घटक ना फूल, ना बी, ना साल, तर बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून तयार होतो?’ उत्तर आहे दगडफूल, आणि नावातच ‘फूल’ असल्याने बहुतेक जण ते आधी बाजूला सारतात. दुसरा असा: ‘उपवासाच्या खिचडीतील साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची यांच्यात मूळ ठिकाणाच्या दृष्टीने काय साम्य आहे?’ चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडांतल्या. हे उत्तर ऐकल्यावर सभागृहात जी चर्चा सुरू होते, तिच्यासाठी एक मिनिट मोकळे ठेवावे.

> सावध: चव घेण्याची फेरी ठेवायची असल्यास शेंगदाणे किंवा अन्य कशाची ॲलर्जी कोणाला आहे का, हे आदल्या दिवशी विचारावे. गणेशोत्सवात आणि चतुर्थीला अनेकांचा उपवास असतो, हेही पाहावे. डोळे बांधून कोणालाही न सांगता काही खायला देऊ नये.

टप्पा १०: तालीम

तीन-चार दिवस आधी, स्पर्धेत नसलेल्या चौघांना बसवून सर्व प्रश्न वेळ लावून विचारावेत. या तालमीत तीन नोंदी कराव्यात: कोणता प्रश्न पुन्हा वाचावा लागला, कोणत्या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर आले आणि कोणता प्रश्न ऐकून कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटले नाही. तिसऱ्या प्रकारचे प्रश्न काढून टाकावेत, लिहिणाऱ्याला ते कितीही आवडत असले तरी. तालमीला आलेल्यांकडून गुप्तता पाळली जाईल याची खात्री हवी. शेजारच्या सोसायटीतील मित्रमंडळी त्यासाठी उत्तम.

टप्पा ११: मंचावर

क्विझमास्टरशिवाय तिघे हवेत: एक वेळ पाहणारा, एक फलकावर गुण लिहिणारा आणि एक तेच गुण कागदावर स्वतंत्रपणे लिहिणारा. प्रत्येक फेरीनंतर फलक आणि कागद जुळवूनच पुढे जावे. पाच फेऱ्या संपल्यावर फरक सापडला, तर तो कोठे पडला हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न दोनदा वाचावा आणि दुसऱ्या वाचनानंतरच घड्याळ सुरू करावे. उत्तर चुकले तर ‘नाही’ एवढेच म्हणावे. ‘जवळ आलात’ असे म्हटल्यास पुढच्या संघाला आयता संकेत मिळतो. हा मोह फार मोठा असतो, विशेषतः उत्तर देणारे लहान मूल असेल तर, पण कौतुक प्रश्न संपल्यावरही करता येते. योग्य उत्तर आणि त्यामागची माहिती सहाही संघ फिरून झाल्यावर, दोन वाक्यांत सांगावी. प्रेक्षकांतून उत्तर आले, तर चर्चा न करता प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न घ्यावा आणि तो त्याच संघापासून सुरू करावा.

टप्पा १२: हरकती आणि टायब्रेकर

हरकत फक्त कर्णधाराने, ती फेरी संपण्यापूर्वी घ्यावी. निर्णय क्विझमास्टरने न देता आधीच नेमलेल्या दोन परीक्षकांनी स्रोतांच्या ओळीवरून द्यावा. संघाचे उत्तर खरोखर बरोबर ठरत असेल तर त्याला गुण द्यावेत. प्रश्नच सदोष असेल तर त्यावरील सर्व गुण रद्द करून त्याच संघापासून राखीव प्रश्न सुरू करावा. निर्णयाला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर प्रश्न सदोष धरावा आणि पुढे जावे.

टायब्रेकरसाठी नाणेफेक नको, आणि बझरही नको. ज्याचे उत्तर आकडा आहे आणि जो कोणालाही नेमका ठाऊक नसतो, पण अंदाज करता येतो, असा प्रश्न घ्यावा. आकडा उत्तर म्हणून शोभतो तो येथेच. ‘२०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही संघांनी मिळून किती धावा केल्या?’ भारताच्या २९८ आणि दक्षिण आफ्रिकेच्या २४६, म्हणजे एकूण ५४४. दोन्ही संघांनी आकडा कागदावर लिहून एकाच वेळी दाखवावा; जो जवळ, तो विजयी. दोघेही सारख्याच अंतरावर असतील, तर दुसरा टायब्रेकर घ्यावा, म्हणूनच असे तीन प्रश्न हवेत.

टप्पा १३: प्रश्न जपून ठेवणे

त्याच आठवड्यात प्रत्येक प्रश्नासमोर तीन नोंदी कराव्यात: कितव्या संघाने उत्तर दिले, हरकत आली का आणि शब्दांत काय बदलले पाहिजे. वापरलेले प्रश्न वेगळ्या फाइलमध्ये कार्यक्रमाच्या तारखेसह ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी नवीन समितीकडून तेच पुन्हा विचारले जाणार नाहीत. न वापरलेले राखीव प्रश्न पुढे नेता येतात, परंतु त्यांतील ‘सर्वाधिक’ आणि ‘एकमेव’ असलेल्या प्रश्नांवर लाल खूण करून ठेवावी. पुन्हा वापरण्यापूर्वी ते सहाव्या टप्प्यातून नव्याने जायला हवेत.